हृदयरक्षण : पथ्याचीही मात्रा असते



कोणतेही औषध देताना मात्रा, सेवनकाल आणि अनुपान या तीन गोष्टी रुग्णास सांगितल्या जातात. ‘थोडे चूर्ण मधून मधून घेत जा’ असे चिठ्ठीवर लिहिणारा वैद्य शोधूनही सापडणार नाही. मात्र त्याच चिठ्ठीच्या तळाशी ‘चालणे, मीठ-तेल कमी, चिंता करू नये’ अशी एक ओळ पुष्कळदा असते आणि तिला ना मात्रा असते, ना काल. रुग्ण ती वाचतो, मान डोलावतो आणि घरी जाऊन पूर्ववत वागू लागतो. पथ्य हे औषधाइतकेच सामर्थ्यवान आहे असे आपले शास्त्र मानते. तसे असेल तर ते औषधाइतक्याच नेमकेपणाने दिले गेले पाहिजे. हृदयाच्या आरोग्यासाठी लागणाऱ्या साध्या सवयींचा विचार प्रस्तुत लेखात याच दृष्टीने केला आहे.

हृदयाचे शास्त्रातील स्थान

शिर, हृदय आणि बस्ति ही त्रिमर्मे होत. सुश्रुताचार्यांनी हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसावा अध्याय, अर्थेदशमहामूलीय, हृदयाविषयीच आहे. दहा महाधमन्यांचे मूळ, ओजाचे व चेतनेचे स्थान म्हणून त्यात हृदयाचे वर्णन येते. हृदयाचे रक्षण इच्छिणाऱ्याने मनाला दुःख देणारी कारणे टाळावीत, हृदयाला व ओजाला हितकर आणि स्रोतसे निर्मळ ठेवणारे आहार-विहार सेवावेत, शांती व ज्ञान यांचा आश्रय करावा, असा तेथील उपदेशाचा आशय आहे. हृद्रोगाची चिकित्सा संहितेत पुढे येते, रक्षणाचा विचार आधी येतो. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

आधुनिक संशोधनाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. ५२ देशांतील रुग्णांचा अभ्यास करणारे ‘इंटरहार्ट’ संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, मद्य आणि शारीरिक श्रमांचा अभाव अशा नऊ घटकांनी हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका स्पष्ट होतो, असे त्यात आढळले. याच अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका वयाच्या साधारण ५३ व्या वर्षी, म्हणजे इतर देशांतील लोकांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी आला होता. या नऊपैकी बहुतेक घटक दिनचर्येशी निगडित आहेत आणि दिनचर्या हा आपल्या शास्त्राचा घरचा विषय आहे.

श्रम गेले, आहार तोच राहिला

आम्ही वसई तालुक्यातील गास या गावी व्यवसाय करतो. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, निर्मळ-भुईगावच्या शेजारचा हा वाड्यांचा मुलूख. केळी, नागवेल, भाजीपाला व फुले यांवर येथील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगली. रहाटाचे पाणी पाटातून फिरवणे, केळीचे लोंगर खांद्यावरून वाहणे, पहाटे भाजी-फुलांच्या टोपल्या घेऊन बाजार गाठणे हा नित्यक्रम होता. व्यायाम हा शब्द कोणी उच्चारीत नसे, कारण त्याची गरजच नव्हती. पुढे रहाट जाऊन विजेचे पंप आले. अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि घरातील तरुण पिढी लोकलने मुंबईस जाऊन खुर्चीवर बसू लागली. ताटातील भाताचा ढीग, तांदळाची भाकरी, सुक्या मासळीचे कालवण आणि सणासमारंभाचे तळण मात्र कायम राहिले. श्रमाने जो अग्नी दीप्त राहत असे तो मंदावला, आणि पूर्वी जो आहार पचत असे तोच आता मेद वाढवू लागला.

श्रमांचे हे महत्त्व लंडनमध्ये फार पूर्वी दिसून आले होते. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तेथील दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. वाहकांना कोणी व्यायाम लिहून दिला नव्हता, त्यांची मात्रा कामातूनच मिळत होती. आमच्या गावातील वाडीवाल्यांचेही असेच होते. कामातून मिळणारी मात्रा बंद झाली, म्हणून ती आता चिठ्ठीवर लिहून द्यावी लागते.

पहिले पथ्य : व्यायाम

मात्रा. आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस आहे. म्हणजे दररोज ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. मध्यम गती म्हणजे मिनिटाला साधारण शंभर पावले. अर्धशक्तीपर्यंत व्यायाम करावा, ही आपल्या शास्त्राची मर्यादा येथे अत्यंत उपयोगी पडते. कपाळ, नाक व काखा यांवर घाम येणे, तोंडास कोरड पडणे, श्वास तोंडाने घ्यावासा वाटणे ही अर्धशक्तीची लक्षणे रुग्णास समजावून द्यावीत. चालताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, असे सांगितले की ही गती कोणासही चटकन कळते. अतिव्यायाम हे हृद्रोगाचे एक कारण म्हणून चरकाचार्यांनी सांगितले आहे, याचाही विसर पडू नये. वर्षभर खुर्चीवर बसलेल्या मनुष्याने पहिल्याच रविवारी टेकडी धावत चढणे हा व्यायाम नव्हे, साहस होय. ज्याने वर्षानुवर्षे काही केले नाही त्यास दहा मिनिटांपासून आरंभ करावयास सांगावे आणि दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावीत.

काल. सकाळी ऊन चढण्यापूर्वी. हेमंत, शिशिर व वसंत हे ऋतू व्यायामास अनुकूल आहेत. इतर ऋतूंत मात्रा त्याहून कमी ठेवावी. ऑक्टोबरचा उष्मा किनारपट्टीवर विशेष थकवतो. आमच्याकडील सनसिटी–गास रस्त्यावर पावसाळ्यात पाणी भरते आणि सकाळी फिरणाऱ्यांचा नियम जूनमध्ये मोडतो तो दिवाळीपर्यंत सुटलेलाच राहतो. म्हणून चिठ्ठी देतानाच पावसाळ्याची पर्यायी सोय विचारावी. पडवीत किंवा इमारतीच्या वाहनतळात वीस मिनिटे येरझाऱ्या, सूर्यनमस्काराची संथ आवर्तने, यांपैकी काय जमेल ते त्याच वेळी ठरवून लिहावे.

विशेष सूचना. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, चालताना छातीत भरून येणारा अथवा थोड्या श्रमाने धाप लागणारा रुग्ण असेल तर हृदयरोगतज्ज्ञांची तपासणी आधी आणि चालण्याची मात्रा नंतर.

दुसरे पथ्य : मीठ

पिप्पली, क्षार आणि लवण या तीन द्रव्यांचा अतिउपयोग करू नये, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. लवणाच्या अतिसेवनाने शरीरास ग्लानी, शैथिल्य व दौर्बल्य येते असे सांगून, दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर या प्रदेशांतील लोकांचे उदाहरण आचार्यांनी दिले आहे. एका प्रदेशाची सवय हेच त्या प्रदेशाच्या रोगाचे कारण होऊ शकते, हे निरीक्षण आजही मोलाचे आहे. मिठागरे आणि मासळी यांच्या सान्निध्यात वाढलेल्या आमच्या तालुक्याने तर ते विशेष मनावर घ्यावे.

मात्रा. प्रौढ व्यक्तीस दिवसास ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचाही नाही. परंतु कोणत्याही घरात मीठ चमच्याने मोजून खाल्ले जात नाही. म्हणून आम्ही रुग्णास निराळा प्रश्न विचारतो : मिठाची एक किलोची पिशवी आपल्या घरी किती दिवसांत संपते? हिशेब सरळ आहे. चार माणसांस दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलो पिशवी ५० दिवस पुरली पाहिजे. ती तीस दिवसांत संपत असेल तर दरडोई आठ ग्रॅमहून अधिक मीठ जात आहे, आणि पाव, खारी, फरसाण, पापड, लोणचे व खारी मासळी यांतून येणारे मीठ यात धरलेलेच नाही.

आमच्याकडे येणाऱ्या साठीतील एका गृहस्थांच्या घरी पाच माणसांत महिन्याला दोन किलो मीठ लागत असे. म्हणजे दरडोई १३ ग्रॅम. ‘आम्ही मीठ कमीच खातो’ असे त्यांचे प्रामाणिक मत होते, कारण ताटात वरून मीठ ते घेत नसत. पिशवीचा हिशेब त्यांच्या पत्नीने मांडला आणि घट करण्याचे कामही त्यांनीच हाती घेतले. तीन महिन्यांत दोन किलोंचा एक किलो झाला. रक्तदाबाच्या गोळ्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तशाच चालू ठेवल्या, मात्र पूर्वी सतत वर-खाली होणारे मापन स्थिरावले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही. तथापि मोघम सल्ला आणि मोजलेला सल्ला यांतील अंतर यावरून ध्यानात यावे.

अनुपान. मिठाची उणीव आंबट रसाने बऱ्याच अंशी भरून निघते. चरकाचार्यांच्या हृद्य महाकषायात आम्र, आम्रातक, लकुच, करमर्द, वृक्षाम्ल, अम्लवेतस, कुवल, बदर, दाडिम व मातुलुंग ही दहा द्रव्ये आहेत आणि ती आंबट फळांच्या वर्गातील आहेत. ‘हृद्य’ म्हणजे येथे मनास रुचणारे, असाही अर्थ घेतला जातो. कोकम, कैरी, अंबाडा, करवंद, बोर ही आपल्याकडची नेहमीची फळे त्यात सहज बसतात. कालवणात मीठ निम्मे करून कोकम किंवा कैरी वाढविली तर चव मरत नाही. एक दक्षता मात्र घ्यावी. बाजारातील आमसुलांना पुष्कळदा मीठ लावलेले असते, ती धुऊन वापरावीत. उन्हात नुसते वाळवलेले बोंबील किंवा जवळा आणि मिठात मुरवलेला खारा मासा यांतही भेद करावा. खारा मासा दोन-तीन पाण्यांतून काढून, कालवणात वेगळे मीठ न घालता, आठवड्यातून एखाद्या वेळीच घ्यावा. ताजी मासळी कालवणातून घेण्यास हरकत नाही.

सैंधवाविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. लवणांत सैंधव श्रेष्ठ हे खरे, परंतु रक्तदाबाच्या रुग्णास ‘सैंधव कितीही चालते’ असे सांगणे योग्य नव्हे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. मिठाची मर्यादा त्यासही तितकीच लागू पडते. नेहमीचे मीठ पूर्ण सोडून केवळ सैंधव वापरल्यास आयोडीनचा पुरवठाही कमी होतो. कमी सोडियम व अधिक पोटॅशियम असलेल्या मिठाचा विचार जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली केलेल्या शिफारशीत आहे. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास, तसेच पोटॅशियम वाढविणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यास असे मीठ डॉक्टरांस विचारल्याशिवाय देऊ नये.

तिसरे पथ्य : आहाराची मात्रा व काल

वाग्भटाचार्यांनी कुक्षीचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नास, एक भाग द्रवास व एक भाग वायूस ठेवावयास सांगितला आहे. व्यवहारात हे असे उतरवता येते : ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबीर, एक चतुर्थांश भात किंवा भाकरी, उरलेल्या चतुर्थांशात डाळ, उसळ अथवा मासळी. आमच्या भागात भात हाच ताटाचा पाया असल्याने ‘भात सोडा’ म्हटले की रुग्ण वैद्यच सोडतो. त्याऐवजी भाताची वाटी ठरवून द्यावी. तेलाचा हिशेबही मिठाप्रमाणेच पिशवीवरून करावा. दरडोई दरमहा अर्धा लिटर ही मर्यादा आम्ही सांगतो. एकदा तळलेले तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरणे वर्ज्य.

वसईच्या प्रसिद्ध सुकेळ्यांविषयीही रुग्ण विचारतात. केळ्यातील पोटॅशियम रक्तदाबास अनुकूल असले तरी सुकेळ्यात साखर एकवटलेली असते. मधुमेही रुग्णास ते औषध म्हणून देऊ नये. निरोगी व्यक्तीने मिठाईच्या ऐवजी एखादे घेण्यास प्रत्यवाय नाही.

काल. रात्रीचे भोजन व निद्रा यांत दोन ते तीन तासांचे अंतर असावे. मुंबईहून रात्री नऊ-दहाला घरी पोहोचणाऱ्यास हे शक्य नसते. ‘सातला जेवा’ हा सल्ला त्याच्यासाठी निरर्थक आहे. त्यास दोन भागांत आहार द्यावा. संध्याकाळी कार्यालयातून निघताना भाजलेले चणे व एखादे फळ, आणि घरी आल्यावर मुगाची पातळ खिचडी किंवा भाजी-भाकरी इतकेच. भूक आधीच शमलेली असल्याने रात्रीचे ताट आपोआप लहान होते.

उपवास. गावातील हिंदू कुटुंबे श्रावण व चातुर्मास पाळतात. ख्रिस्ती कुटुंबे ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. नवी सवय लावण्यास या काळासारखा मुहूर्त नाही, कारण संकल्प मनाने आधीच केलेला असतो. मात्र साबुदाणा, बटाटा व शेंगदाण्याचे तळण म्हणजे लंघन नव्हे, हे सांगावे लागते. चाळीस दिवस मद्य, तंबाखू अथवा खारे पदार्थ सोडणारा मनुष्य एकेचाळिसाव्या दिवशी काय करणार, हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवावे.

चौथे पथ्य : निद्रा

रात्री जागरणाने रूक्षता व वात वाढतो, दिवसा झोपण्याने कफ वाढतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयारोग्याच्या आवश्यक बाबींत २०२२ साली निद्रेची भर घातली. प्रौढांसाठी सात ते नऊ तास ही तेथील मात्रा आहे. पहाटेची लोकल गाठणाऱ्या मनुष्यास हे साधावयाचे तर उठण्याची वेळ बदलता येत नाही, झोपण्याचीच वेळ अलीकडे आणावी लागते. दूरदर्शन संच व भ्रमणध्वनी किती वाजता बंद करावयाचा, ती वेळ चिठ्ठीवर लिहावी. बसल्या बसल्या काढलेली डुलकी रूक्षही नाही व अभिष्यंदीही नाही, असे शास्त्रमत आहे. तेव्हा लोकलमध्ये जागा मिळाल्यास तिचा उपयोग निद्रेसाठी खुशाल करावा. झोपेत मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास अडकून दचकणारा व दिवसभर पेंगणारा रुग्ण दिसला तर त्यास निद्रेतील श्वासावरोधाच्या तपासणीसाठी पाठवावे. हा विकार रक्तदाब वाढवतो आणि केवळ चूर्णाने तो जात नाही.

पाचवे पथ्य : वेग आणि मन

अधारणीय वेगांच्या अध्यायात हृदयाचा उल्लेख वारंवार येतो. अश्रू, तहान आणि श्रमजन्य श्वास यांचा अवरोध केल्याने हृदयास पीडा होते, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. अश्रूंचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. घरात मृत्यू झाल्यावर ‘पुरुषाने रडू नये’ म्हणून कोरड्या डोळ्यांनी सर्व विधी पार पाडणारे, वाडी विकावी लागल्याचे दुःख वर्षानुवर्षे गिळणारे अनेक जण छातीच्या तक्रारी घेऊन येतात. त्यांची हृदयाची तपासणी करावीच, आणि तपासणी निर्दोष आली तरी त्यांचे बोलणे ऐकून घ्यावे. याउलट क्रोध, लोभ, मत्सर हे धारणीय वेग होत. ‘चिंता करू नका’ या सल्ल्यास मात्रा नाही. त्याऐवजी रोज ठरावीक वेळी दहा मिनिटे संथ दीर्घश्वसन, आठवड्यातून एक सायंकाळ भजन, प्रार्थना अथवा मित्रमंडळींची बैठक, असे लिहिता येते. श्वास दीर्घकाळ कोंडून धरण्याचे प्रकार रक्तदाबाच्या व हृदयाच्या रुग्णांस सांगू नयेत.

सहावे पथ्य : तंबाखू व मद्य

येथे मात्रा एकच, शून्य. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, परंतु तंबाखूची सवय बंदीने सुटत नाही. पुरुषांस विडी-सिगारेट विचारली जाते, स्त्रियांस मशेरी विचारावयाची मात्र राहून जाते. दात घासणे या नावाखाली दिवसातून तीन-चार वेळा तंबाखू शरीरात जाते आणि ती स्त्री ‘मला कसलेच व्यसन नाही’ असे सांगते. मशेरीच्या जागी खदिर, निंब यांचे साधे दंतमंजन द्यावे आणि सोडण्याची तारीख ठरवून घ्यावी. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेवर व्यसनमुक्तीसाठी साहाय्य मिळते. मद्य थोडे घेतल्यास हृदयास हितकर, ही समजूत आता टिकलेली नाही. जो घेत नाही त्यास हृदयासाठी म्हणून ते कोणीही सुचवू नये.

औषधविक्रेते बांधवांसाठी

फिनलंडमधील नॉर्थ कारेलिया प्रांतात हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण फार मोठे होते. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९७२ साली लोकांच्या आहार-विहाराचा प्रकल्प सुरू झाला. पुढील काही दशकांत मध्यमवयीन पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. हे काम डॉक्टरांनी एकट्याने केले नाही. गृहिणींच्या संघटना, दुग्धव्यावसायिक व खाद्यपदार्थ बनविणारे यांचा त्यात वाटा होता. आपल्याकडे हे स्थान औषध दुकानाचे आहे. वैद्याकडे रुग्ण महिन्याने येतो, दुकानावर आठवड्याला येतो. दुकानात एक मोजपट्टी व रक्तदाबमापक ठेवावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा पोटाचा घेर अधिक असल्यास ती धोक्याची सूचना समजावी.

काही नित्य खपाच्या औषधांबाबत पुढील दक्षता आवश्यक आहे. लवणभास्कर चूर्णात लवणांचे प्रमाण मोठे आहे. रक्तदाबाच्या रुग्णास ते ‘पोटासाठी रोज’ म्हणून देऊ नये. यष्टिमधु दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल गोळ्या घेणाऱ्यास हे विशेष घातक होय. पार्थाद्यरिष्ट, अर्थात अर्जुनारिष्ट, गुळाने सिद्ध होते व त्यात स्वयंजात मद्यार्क असतो. मधुमेही रुग्णास ते देण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा. सर्पगंधेचे रक्तदाबावरील सामर्थ्य मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले आणि ते जगभर मान्य झाले. ज्या द्रव्यात इतके सामर्थ्य आहे ते चिठ्ठीशिवाय विकावयाचे नसते. नाडी मंद होणे व मनास तीव्र औदासीन्य येणे हे तिचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णास गुग्गुळाचे कल्पही विचारपूसीशिवाय देऊ नयेत. आणि ‘आता आयुर्वेदिक सुरू केले, तेव्हा त्या गोळ्या बंद करू का?’ या प्रश्नाचे उत्तर दुकानावर एकच असावे : गोळ्या ज्यांनी सुरू केल्या त्यांनाच विचारल्याशिवाय एकही बंद करावयाची नाही.

पथ्याची सीमा

चाळिशी ओलांडलेला मनुष्य घामाघूम होऊन दुकानाच्या पायरीवर येतो आणि ‘छातीत गॅस धरला आहे, काहीतरी द्या’ असे म्हणतो. हा प्रसंग प्रत्येक दुकानदारास परिचित आहे. छातीत दडपण, डावा हात, जबडा, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग येथे वेदना, घाम, धाप, मळमळ यांपैकी लक्षणे असतील तर हिंग्वष्टक, शंखवटी अथवा आम्लपित्ताची गोळी देऊन त्यास घरी पाठवू नये. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांत वेदना अल्प असून केवळ धाप किंवा अत्यंत थकवा दिसू शकतो. रुग्णास बसवावे, चालू देऊ नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयालेख काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पाठवावे. खरोखरच गॅस निघाला तर रुग्णाचे दोन तास जातील, आणि तो गॅस नसेल तर प्राण वाचतील. सद्यःप्राणहर मर्माच्या बाबतीत वैद्याची विद्या योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविण्यातही आहे.

समारोप

वरील विवेचन एका चिठ्ठीत मावते. उदाहरणार्थ, लोकलने प्रवास करणाऱ्या, रक्तदाब असलेल्या ४८ वर्षांच्या गृहस्थासाठी ती अशी असेल :

चालणे : सकाळी १५ मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस. दर आठवड्यास ५ मिनिटे वाढवून ३० पर्यंत. पावसात पडवीत.
मीठ : घरातील चौघांत १ किलोची पिशवी ५० दिवस. पिशवीवर उघडल्याची तारीख लिहावी.
तेल : चौघांत महिन्यास २ लिटर.
संध्याकाळी ६.३० : भाजलेले चणे एक मूठ, एक फळ. रात्री हलके.
निद्रा : १० वाजता भ्रमणध्वनी बंद.
दीर्घश्वसन : सकाळी १० मिनिटे.
तंबाखू : येत्या रविवारपासून बंद.
रक्तदाबाच्या गोळ्या : पूर्ववत.
पुन्हा भेट : १५ दिवसांनी. मिठाची पिशवी व कमरपट्ट्याचे छिद्र यांचा हिशेब आणावा.

सर्व ओळी एकाच वेळी द्याव्यात असे नाही. जो रुग्ण दोनच पाळू शकेल त्यास दोनच द्याव्यात, आणि त्या दृढ झाल्यावर तिसरी लिहावी. अहितकर सवय हळूहळू सोडावी व हितकर सवय हळूहळू धरावी, हा पादांशिक क्रम आपल्या आचार्यांनीच घालून दिला आहे. पुढील भेटीत औषध संपले का, हे आपण विचारतोच. त्याच वेळी मिठाची पिशवी किती दिवस पुरली, हेही विचारावे. वैद्य ज्याचा हिशेब विचारतो तेच रुग्ण मनापासून पाळतो.